शेजारची मुलं मिशनवर जातात तेव्हा: मेलची फाइल की रविवारचा फोन?

सांगलीकरीण

आम्ही २०१४ पासून युटामधल्या लीहाय गावात राहतो, सॉल्ट लेक सिटी आणि प्रोव्होच्या मधे. आमच्या गल्लीत अकरा घरं आहेत, त्यातली नऊ मॉर्मन. त्यांच्या चर्चचं पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. २०१८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी पूर्ण नावच वापरा असं आवर्जून सांगितलं, तेव्हापासून माझी शेजारीण ‘मॉर्मन’ हा शब्द टाळते. इथे सगळ्यांना कळावं म्हणून मी तो वापरतेय, एवढं तिने समजून घ्यावं.

तिची दोन मुलं माझ्या डोळ्यांसमोर मिशनवर जाऊन आली. मुलगा फिलिपिन्सला, मुलगी ब्राझीलला. दोघांच्या जाण्यात जेमतेम तीन वर्षांचं अंतर, पण तेवढ्यात मिशनवरचं जगणं इतकं बदललं की शेजारणीला दोन वेगवेगळ्या काळांतली आई व्हावं लागलं. बरेच दिवस याबद्दल लिहायचं मनात होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मिशन म्हणजे चर्चच्या वतीने धर्मप्रसारासाठी घर सोडून जाणं. मुलगे दोन वर्षांसाठी जातात, मुली दीड. पूर्वी मुलग्यांना १९ आणि मुलींना २१ वर्षं पूर्ण व्हावी लागत. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये ते १८ आणि १९ वर आणलं आणि मुलींची संख्या एकदम वाढली. कुठे जायचं हे मुलांनी ठरवायचं नसतं. अर्ज करायचा आणि वाट बघायची. जिथे पाठवतील तिथे जायचं, त्यालाच ‘कॉल’ म्हणतात.

मुलाचा कॉल २०१७ मध्ये आला तेव्हा तो अजून टपालाने, मोठ्या पांढऱ्या पाकिटातून येत असे. शेजारणीने सगळ्यांना बोलावलं होतं. भिंतीवर जगाचा नकाशा, आणि प्रत्येकाने आपल्या अंदाजाच्या देशावर टाचणी लावायची. मी पेरूवर लावली होती. मुलाने उभं राहून मोठ्याने पत्र वाचलं, ‘फिलिपिन्स’ आणि ‘टागालोग’ हे शब्द आले आणि घरात जल्लोष झाला. शेजारीण माझ्या शेजारीच उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या, मग माझा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही. आपल्याकडे मुलगा पहिल्यांदा परदेशी निघाला की आईचं जे होतं, तेच.

ऑगस्टमध्ये त्याला प्रोव्होच्या प्रशिक्षण केंद्रावर सोडलं. दारासमोर गाडी थांबवायची, बॅगा उतरवायच्या, मिठी मारायची आणि निघायचं. आत सोबत जायचं नाही. घरून केंद्र अर्ध्या तासाच्या अंतरावर, पण पुढचे सहा आठवडे भेट नाही. तिथे टागालोग शिकला आणि तिथूनच विमानात बसला.

त्याचा दिवस कसा असे ते मला त्याच्या मेलमधून कळत गेलं, कारण शेजारीण प्रत्येक मेल मला वाचून दाखवायची. साडेसहाला उठायचं, व्यायाम, अंघोळ, नाश्ता. मग एकट्याने अभ्यास, मग जोडीदाराबरोबर, म्हणजे सोबतच्या मिशनरी मुलाबरोबर अभ्यास, मग भाषा. त्यानंतर दिवसभर बाहेर. रात्री साडेनऊच्या सुमाराला खोलीवर, साडेदहाला दिवे बंद. जोडीदार कायम सोबत, नजरेच्या टप्प्यात. सिनेमा नाही, मुलींशी मैत्री नाही, पोहणं नाही. आठवड्यातला एक दिवस, बहुतेक सोमवार, कपडे धुणं, बाजारहाट आणि घरी लिहिणं यासाठी. दर सहा आठवड्यांनी बदल्या. कधी गाव बदलतं, कधी जोडीदार, कधी दोन्ही.

तो लगुना आणि बातांगासच्या गावांत होता. पहिल्याच महिन्यात त्याने लिहिलं होतं की इथे दार ठोठावत नाहीत, फाटकाबाहेर उभं राहून ‘ताओ पो!’ अशी हाक मारतात. शब्दशः अर्थ ‘माणूस आलंय हो’. हे वाचून मला आमचं सांगलीचं घर आठवलं. तिथेही कुणी कडी वाजवत नसे, अंगणातूनच ‘आहे का कुणी घरात?’ असा पुकारा व्हायचा. आणि जेवताना कुणी दिसला की तिथली माणसं म्हणतात ‘काइन तायो’, म्हणजे चला जेवू या. आपलं ‘या जेवायला’! हे मी शेजारणीला सांगितलं तेव्हा तिला फार बरं वाटलं. आपला मुलगा अगदीच परक्या जगात नाही, असं काहीतरी.

बादलीत पाणी घेऊन ताबोने, म्हणजे आपल्या मगाने, अंघोळ करायला तो शिकला. घमेल्यात हाताने शर्ट धुवायला शिकला. वीज गेली की वहीनेच वारा घ्यायचा. सिनिगांग नावाचं चिंचेचं आंबट सार त्याला इतकं आवडलं की आल्यावर माझ्याकडे चिंच मागायला आला होता.

आता मुख्य मुद्दा. तो गेला तेव्हा नियम असा होता की घरी आठवड्याला एक मेल, आणि फोन वर्षातून दोनदाच: नाताळला आणि मदर्स डेला. म्हणजे पहिल्या अठरा महिन्यांत तिने त्याचा आवाज तीनदा ऐकला. १५ फेब्रुवारी २०१९ ला चर्चने जाहीर केलं की यापुढे दर आठवड्याला घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येईल, लगेच, आजपासून. शेजारीण मोजे घालून बर्फातून धावत माझ्या दारात आली होती, बूट न घालता.

मनिला आमच्या पुढे पंधरा तास. त्याची सोमवार सकाळ म्हणजे आमची रविवार संध्याकाळ. पहिल्या कॉलला तिने मलाही बसवून घेतलं. मुलगा काळवंडलेला, बारीक झालेला, छातीवर मिशनरींची ती काळी नावपट्टी. आईच्या प्रत्येक प्रश्नाला ‘ओपो, ओपो’ म्हणत होता, म्हणजे ‘होय जी’. आपण इंग्रजीत उत्तर देत नाही आहोत हे त्याच्या लक्षातच येत नव्हतं. वडील खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाठमोरे उभे राहिले.

त्यानंतर पाचेक महिन्यांनी ती मला म्हणाली ते माझ्या डोक्यातून जात नाही. तिने त्याचे सगळे मेल छापून एका फाइलमध्ये लावले होते. पहिल्या दीड वर्षाची फाइल हाताच्या चार बोटांएवढी जाड. फोन सुरू झाल्यानंतरचे मेल म्हणजे दोन-दोन ओळी, ‘बाकी रविवारी बोलू’. आणि रविवारी काय बोलणं होई? जेवलास का, पाऊस आहे का, बहिणीची परीक्षा. एका म्हाताऱ्या बाईच्या शवपेटीशेजारी तो अख्खी रात्र बसला होता ते त्याने मेलमध्ये दोन पानं लिहिलं होतं. फोनवर तसं काही कधीच आलं नाही. ‘आता मला त्याचा आवाज मिळाला आणि तो थोडा हरवला,’ असं ती म्हणाली.

मी १९९६ मध्ये अमेरिकेत आले. बाबांची निळी हवाई पत्रं माझ्याकडे अजून आहेत. आईशी फोनकार्डावर तीन मिनिटं बोलायचे, त्यातलं एक वाक्यही आठवत नाही. म्हणून विचारते, तुमच्या मुलांच्या बाबतीत, किंवा तुमच्या स्वतःच्या बाबतीत, काय टिकलं?


अबोली७

फार मनापासून लिहिलंय ताई. ‘माणूस आलंय हो’ वाचून डोळे भरले. एक विचारू का, या मुलांना पगार असतो का? आणि खर्च कोण करतं?


सांगलीकरीण

अबोली, पगार अजिबात नाही. उलट घरच्यांनीच भरायचे. मुलगा गेला तेव्हा इथल्या कुटुंबांना महिना ४०० डॉलर पडायचे, जुलै २०२० पासून ५०० झाले. कुठल्या देशात पाठवलंय यावर रक्कम बदलत नाही, महागड्या शहरात गेला काय नि खेड्यात गेला काय, सारखीच. शेजारणीचे मुलासाठी चोवीस महिन्यांचे ९,६०० आणि मुलीसाठी अठरा महिन्यांचे ९,००० झाले. मुलाने त्यातले निम्मे स्वतः साठवले होते, शाळेत असताना लोकांची हिरवळ कापून. मला याचं फार कौतुक वाटतं.


टेकडीवरून

लेख आवडला, पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. शेवटी ही मुलं जातात ती दुसऱ्यांचा धर्म बदलायला. अठरा वर्षांच्या पोराने साठ वर्षांच्या माणसाला जाऊन सांगायचं की तुझं चुकतंय, हे मला पटत नाही. आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आलं. त्यांनी शाळा काढल्या, छापखाने चालवले, त्याचं ऋण मी मान्य करतो. पण घराघरांत जी ताटातूट झाली तीही खरी आहे.


जुनी_वही

टेकडीवरून, अमेरिकन मराठी मिशन वेगळं, त्याचा या चर्चशी संबंध नाही. पण यांचाही महाराष्ट्राशी जुना धागा आहे. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा यांचा स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरला आणि नंतर पुण्यात राहिला. छावणीतल्या गोऱ्या शिपायांपासून सुरुवात केली, अधिकाऱ्यांनी विरोध केला. हाती फार थोडी माणसं लागली आणि काही वर्षांत तो परत गेला. विचार करा, चर्चची स्थापनाच १८३० ची. म्हणजे अवघ्या बावीस वर्षांच्या चर्चचा माणूस पुण्याच्या छावणीत फिरत होता, आणि घरून पत्र यायला कित्येक महिने. त्याच्यापुढे तुमच्या शेजारणीचा आठवड्याचा मेल म्हणजे चैनच.


सांगलीकरीण

टेकडीवरून, तुमचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. मी स्वतः शेजारणीला पहिल्या वर्षीच सांगितलं की माझा देव्हारा आहे तिथेच राहणार. तिने तो मान ठेवला, आजतागायत. आमच्याकडे गणपतीला ती आरतीच्या वेळी मागे हात जोडून उभी असते. पण फिलिपिन्समधल्या एखाद्या घरात या मुलामुळे आई आणि मुलीत दुरावा आला असेल का? आला असू शकतो. एका मेलमध्ये त्याने लिहिलं होतं की एका मुलीचा बाप्तिस्मा होता आणि तिचे वडील आलेच नाहीत, सगळे दाराकडे बघत राहिले. तो त्याबद्दल अस्वस्थ होता. हे फोनवर बोलला नसता, बघा.


इडलीचा_मोदक

मी कधी इथे लिहीत नाही, पण आज लिहितो. मी मूळचा मुंबईचा, आणि या चर्चचा सभासद. २०११ ते २०१३ मिशनवर होतो. परदेशात नाही, दक्षिण भारतात, पण दादरच्या मुलाला कोइम्बतूर तेव्हा परदेशच होतं. जोडीदार आंध्रचा, मला तेलुगू येत नाही, त्याला मराठी येत नाही, दोघांनाही तमिळ येत नाही. पहिले सहा आठवडे आम्ही इंग्रजीत भांडलो. भांडण झालं तरी उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसता येत नाही, कारण एकमेकांना सोडायचं नाही हा नियम. मग बोलावंच लागतं. लग्नानंतर मला त्याचा फार उपयोग झाला, हे मी खरंच सांगतो.

मी जुन्या नियमाच्या बाजूचा आहे. सोमवारी सायबर कॅफेत तास मिळायचा. आठवडाभर मनात वाक्यं जुळवायचो, आईला काय सांगायचं, काय नाही. ते जुळवणं हीच माझी प्रार्थना होती म्हणा ना. दर रविवारी आईचा चेहरा दिसला असता तर मी पहिल्या तीन महिन्यांतच ‘मला घेऊन चल’ म्हटलं असतं. फोन नव्हता म्हणून थांबलो आणि थांबलो म्हणून मोठा झालो. आमच्यात घराकडे डोळे लागलेल्याला ‘ट्रंकी’ म्हणतात, म्हणजे मनाने ट्रंक भरून बसलेला. माझी ट्रंक पहिले तीन महिने भरलेलीच होती.


अबोली७

आणि मधेच परत यावंसं वाटलं तर? येता येतं?


सांगलीकरीण

येता येतं. पण त्याबद्दल नीट लिहायला हवं, म्हणून काल उत्तर दिलं नाही. आज आमच्या गल्लीतल्या एका दुसऱ्या आईला विचारलं, ओळख न सांगता लिहू का म्हणून. ती म्हणाली, लिही.

तिचा मुलगा २०१६ मध्ये गेला आणि पाच महिन्यांत परत आला. त्याला झोप लागत नव्हती, छाती धडधडायची, जिन्यावर बसून राहायचा. इथे मिशन पूर्ण करून मुलं येतात तेव्हा विमानतळावर फुगे, फलक, आजी-आजोबा, चुलत-मावस भावंडं, तीस-चाळीस माणसं असतात. शेजारणीच्या मुलाच्या वेळी मीही गेले होते. या मुलाला आणायला फक्त वडील गेले. रात्री उशिराचं विमान होतं. त्यानंतर कित्येक महिने तो मागच्या दाराने ये-जा करायचा. लोक वाईट नव्हते. कुणी टोचून बोललं नाही. पण काय बोलायचं ते कुणाला सुचलं नाही, आणि त्या गप्प राहण्याने तो मुलगा झिजला. मीही त्यातलीच. साधे डबाभर लाडू घेऊन गेले असते तरी चाललं असतं.

आई मला आज काय म्हणाली सांगते. ‘त्याचे मेल मी कितीदा वाचलेत. सगळे छान आहेत. इथे लोक प्रेमळ आहेत, आंबे गोड आहेत, माझी काळजी करू नका. एका आठवड्याला जरी त्याचा चेहरा दिसला असता तरी मला कळलं असतं.’

इडलीचा_मोदक, तुमचं थांबणं मला कळतं आणि त्याचा आदरही वाटतो. पण तुम्ही थांबू शकलात. मी धागा काढला तेव्हा मनातून जाड फाइलच्या बाजूने होते. आता नाही.

आता काही मुलांना घरी राहूनच सेवेचं मिशन करता येतं, अन्नछत्रात, गोदामात वगैरे. तो मुलगा आता नर्स आहे. बरा आहे.


इडलीचा_मोदक

ताई, दोनदा वाचलं. माझ्याही बरोबरचा एक जण असाच मधून परत गेला होता. त्याला मी कधी फोन केला नाही. आज नंबर शोधतो.


पानगळ

मुलीचं काय झालं ते राहिलं की! ब्राझील?


सांगलीकरीण

हो, तिचं पाकीट आलंच नाही, कॉल आता ऑनलाइन येतो. २०२० च्या शेवटी ती निघाली म्हणायचं, पण निघाली कुठे? करोनामुळे प्रशिक्षण घरूनच, स्वतःच्या खोलीत, लॅपटॉपवर. सकाळी नावपट्टी लावून, इस्त्रीचे कपडे घालून ती पायऱ्या चढून परत आपल्याच खोलीत जायची आणि दिवसभर पोर्तुगीज शिकायची. शेजारीण दाराबाहेर ताट ठेवायची. मुलगी घरात असून मिशनवर, हे तिला मुलगा फिलिपिन्सला असण्यापेक्षा जड गेलं. मग व्हिसा येईना म्हणून काही महिने टेक्ससला पाठवलं, आणि २०२१ च्या मध्यावर ती ब्राझीलला पोचली. तिथेही बऱ्याच ओळखी फेसबुकवरून व्हायच्या, दारं बंद असल्यामुळे.

एक चांगला बदल मात्र तिला लाभला. २०१८ च्या डिसेंबरपासून मुलींना पँट घालायची परवानगी मिळाली आहे. तिच्या मावशीने दीड वर्ष स्कर्ट घालून सायकल चालवली होती, हिवाळ्यात. मावशीला भाचीचा हेवा वाटतो, तसं ती उघड म्हणते.

मुलीची फाइल नाही. फोनमध्ये दोन-तीनशे स्क्रीनशॉट आहेत, बहुतेकांत ती हसताना डोळे मिटलेली.

आणि मुलाबद्दल एक राहिलं. तो ऑगस्ट २०१९ मध्ये परत आला तेव्हा भेटायला आमच्याकडे आला. मी मिठी मारायला पुढे झाले, तर त्याने वाकून माझा हात हातात घेतला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. ‘मानो पो,’ म्हणाला. तिकडे वडीलधाऱ्यांना असा नमस्कार करतात. माझ्या तोंडून आपोआप ‘सुखी राहा’ निघालं. पुढच्या जानेवारीत, १२ तारखेला, तिथला ताल ज्वालामुखी फुटला. तो तेव्हा प्रोव्होला कॉलेजात होता. रात्रभर तालिसाय आणि आसपासच्या गावांतल्या लोकांना फोन लावत बसला. त्यांच्यातले कोण चर्चचे, कोण नाही, हे त्याने बघितलं नाही. सगळ्यांचा पत्ता लागेपर्यंत तो झोपला नाही. टेकडीवरून, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे, मला माहीत आहे. पण सांगावंसं वाटलं.


टेकडीवरून

सांगितलंत ते बरं केलंत. माझं मत तेच आहे. पण त्या रात्रीच्या फोनांबद्दल त्या मुलाला माझा नमस्कार सांगा.


किवीकाठ

ऑकलंडहून लिहितेय. योगायोग म्हणजे आमच्या दारात गेल्या आठवड्यात असे दोघे आले होते. मी सांगितलं की धर्माचं बोलायचं नाही, तर म्हणाले काही काम असेल तर सांगा. शनिवारी मागची बाग साफ करायला येणार आहेत. मी हो म्हणून बसले! चहा-कॉफी चालत नाही एवढं ऐकलंय. मग देऊ काय?


सांगलीकरीण

चहा, कॉफी, दारू, तंबाखू नाही, १८३३ पासूनचा नियम आहे त्यांचा. कोकम सरबत दे, ताक दे. पन्हं जमलं तर उत्तमच, पण तिकडे कैरी मिळणं कठीण. पोटभर खायला दे मात्र. या वयातली मुलं, दिवसभर पायी नाहीतर सायकलवर. माझ्याकडे पोह्यांची परात रिकामी झाली होती.


किवीकाठ

आले, काम केलं, जेवून गेले. एक टोंगाचा, एक अमेरिकेतल्या आयडाहोचा. टोंगाच्या मुलाने विळा असा चालवला की आमचे हे बघतच राहिले. दडपे पोहे दोन-दोन वेळा घेतले, कोकमाची अख्खी बाटली संपवली. निघताना आयडाहोच्या मुलाने पोह्यांचा फोटो काढला, सोमवारी आईला दाखवणार म्हणाला. मी विचारलं, आईला लिहितोस की नाही? तर म्हणाला, फोन करतो ना दर आठवड्याला. मग ताई, मी तुमचा धागा मनात धरून त्याला एक कोरी वही दिली, घरात होती ती. पुढच्या बदलीत तो दुसऱ्या गावाला जाणार आहे. टोंगाचा इथेच आहे, त्याने पुढच्या शनिवारी शेवग्याच्या झाडाला आळं करून देतो म्हटलंय.